जुने प्रोटोटाइप मायक्रोकंट्रोलर: ओळखायचे कसे, जमवायचे कसे, जपायचे कसे

सोनेरी झाकणाची, पांढऱ्या किंवा जांभळट सिरॅमिकची चिप दिसली की विकणारा तिला प्रोटोटाइप म्हणतो आणि घेणारा मान डोलावतो. बहुतेक वेळा ती प्रोटोटाइप नसते. खरी प्रोटोटाइप कित्येकदा अगदी साधी दिसते. काचेच्या खिडकीवर बॉलपेनने लिहिलेलं स्टिकर, पुसट छपाई, एखादा वाकलेला पाय, बस.

भोसरीच्या एका कारखान्यात डेव्हलपमेंट विभागात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. ८७४८ आणि ८७५१ हे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एखादं उपकरण चालवणारे एका चिपेतले छोटे संगणक, आमचं रोजचं सामान होतं. सकाळी प्रोग्रॅम बर्न करायचा, दुपारी मशीनवर चालवून बघायचा, चूक सापडली की चिप प्रोग्रॅम पुसणाऱ्या इरेजरच्या पेटीत टाकायची आणि दुसरी घ्यायची. त्या काळातल्या चिपा मी आज जमवते. त्यांच्यात सगळ्यात मोलाचं काय, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: आतला प्रोग्रॅम आणि वरचं हस्ताक्षर. सोनं वितळवून पुन्हा मिळतं, ह्या दोन गोष्टी गेल्या की गेल्या. पुढे जे सांगते आहे ते सगळं ह्याच हिशोबाने.

आधी कूळ ओळखा

प्रोटोटाइप म्हणून तीन निरनिराळ्या जातीच्या वस्तू विकल्या जातात. त्यांची सरमिसळ झाली की किंमतही चुकते आणि जपणूकही.

पहिली जात म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या नव्या डिझाइनचे काढलेले सुरुवातीचे नमुने. चाचणी पूर्ण व्हायच्या आधी हे निवडक ग्राहकांकडे जायचे. दुसरी जात म्हणजे ग्राहकाला त्याचं उपकरण तयार करताना वापरता यावी म्हणून मुद्दाम बनवलेली चिप: खिडकीवाली, पाठीवर सॉकेट असलेली, किंवा जास्तीचे पाय असलेली. ही नेहमीच्या उत्पादनात होती, कॅटलॉगमध्ये होती, पैसे देऊन मिळायची. तिसरी जात सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. ग्राहकाचा प्रोग्रॅम कायमचा कोरून तयार केलेल्या चिपांचे पहिले काही नग, जे फक्त 'प्रोग्रॅम बरोबर उतरला आहे का' हे तपासण्यासाठी पाठवले जात.

हे असं का होतं ते समजून घेतलं तर ओळख आपोआप पक्की होते. १९७४ साली बाजारात आलेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस१००० पासून स्वस्त मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम असायचा तो मास्क रॉममध्ये. म्हणजे चिप तयार होतानाच, तिच्या एका थराच्या आकृतीत, तो कोरला जायचा. एक बाइट चुकला तरी नवं मास्क (त्या आकृतीचा साचा), नवा खर्च, पुन्हा आठवड्यांची वाट. त्यामुळे प्रोग्रॅम पक्का होईपर्यंत वापरायला दुसरं काहीतरी हवं होतं. इंटेलने १९७६ मध्ये ८०४८ आणि ८७४८ ही जोडी आणली. दोन्हींचे चाळीस पाय सारखे, आतलं गणित सारखं. फरक एवढाच की ८०४८ मध्ये १ केबी मास्क रॉम आणि ८७४८ मध्ये तेवढाच ईपीरॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृती, वर क्वार्ट्झची खिडकी. अतिनील प्रकाशात धरली की आतलं सगळं पुसलं जातं. उपकरण ८७४८ वर तयार करायचं, मग हजारोंच्या संख्येने ८०४८ मागवायच्या. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डमध्ये बसलेली ८०४८ अशाच वाटेच्या शेवटी उभी आहे. १९८० साली आलेल्या ८०५१ ची खिडकीवाली बहीण ८७५१, पीसी एटीमुळे घरोघरी पोचलेल्या ८०४२ ची ८७४२. आकड्यातला शून्य जाऊन सात आला की आत ईपीरॉम, हे इंटेलच्या ह्या घराण्यांपुरतं लक्षात ठेवायला पुरेसं आहे. आणि ८०३५, ८०३९, ८०३१ ह्यांच्यात आतल्या रॉमचा वापरच होत नाही, प्रोग्रॅम बाहेरच्या ईपीरॉममधून येतो. ह्या प्रोटोटाइप नव्हेत, कुणी कितीही आग्रह केला तरी.

छपाई वाचणं

भिंग घ्या. घड्याळजी वापरतात ते दहापट पुरतं. उजेड डोक्यावरून न घेता बाजूने तिरका पाडा, म्हणजे पुसट अक्षरंही उठून दिसतात.

सुरुवातीची अक्षरं पहिल्यांदा वाचा. मोटोरोलाच्या चिपवर एमसी असेल तर ती पूर्ण तपासणी झालेली. एक्ससी असेल तर विश्वासार्हतेच्या चाचण्या अजून पुऱ्या झालेल्या नाहीत, पण विक्री सुरू आहे. पीसी असेल तर ती त्याच्याही आधीची, खरा अभियांत्रिकी नमुना. एससी म्हणजे एखाद्या ग्राहकासाठी खास बनवलेली, तिच्या क्रमांकावरून मूळ चिप कोणती ते कळेलच असं नाही. एक्ससी बघून लगेच हरखू नका, कारण काही एक्ससी चिपा बऱ्याच मोठ्या संख्येने विकल्या गेल्या. आणि झायलिंक्सच्या चिपांवरचा एक्ससी हा निव्वळ त्यांच्या नावाचा भाग आहे. १९८५ ची एक्ससी२०६४ ही नेहमीची उत्पादित चिप आहे, मायक्रोकंट्रोलरसुद्धा नाही. 'दुर्मिळ एक्ससी प्रोटोटाइप' म्हणून तशा चिपा विकायला ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पद्धत फार सरळ आहे. टीएमएक्स म्हणजे प्रायोगिक, तिचे विद्युत गुणधर्म शेवटच्या चिपसारखे असतीलच असं नाही. टीएमपी म्हणजे सिलिकॉन अंतिम, पण दर्जाची तपासणी बाकी. टीएमएस म्हणजे सगळं झालेलं. टीएमएस३२० आणि टीएमएस३७० ह्या घराण्यांत ही शिडी स्पष्ट दिसते. एकाच क्रमांकाच्या तिन्ही पायऱ्या शेजारी लावल्या तर एका चिपचा जन्म दिसतो. माझ्या मते नवख्या संग्राहकाने अशा एखाद्या शिडीच्या मागे लागावं, चमकदार एकेका नगाच्या नाही.

इंटेलच्या नमुन्यांवर 'ईएस' किंवा क्यू अक्षर आणि पुढे चार आकडे असा छाप आढळतो. 'ईएस' हा शिक्का जपानी कंपन्याही वापरतात. इंटेलच्या क्रमांकाआधीचं अक्षर मात्र फक्त खोक्याचं आहे: सी म्हणजे बाजूला पाय जोडलेलं सिरॅमिक, डी म्हणजे दोन सिरॅमिक तुकडे काचेने जोडलेलं, पी म्हणजे प्लॅस्टिक. सी पाहून प्रोटोटाइप ठरवू नका.

तारखेची गंमत इथे सांगायलाच हवी. बऱ्याच कंपन्या चार आकड्यांत वर्ष आणि आठवडा छापतात, म्हणजे ८१२४ हा १९८१ चा चोविसावा आठवडा. आता विचार करा, ८०३५, ८०४८, ८०५१ हे सगळे क्रमांक तारखेसारखेच दिसतात. ८०५१ ही १९८० च्या एक्कावन्नाव्या आठवड्याची तारीखही असू शकते! म्हणून एकच आकडा बघून ठरवायचं नाही, सगळ्या ओळी एकत्र वाचायच्या. इंटेलच्या चिपवर बरेचदा अशी सरळ तारीख नसतेच. तिथे लॉट क्रमांक असतो: पहिलं अक्षर कारखान्याचं, पुढचा आकडा वर्षाचा शेवटचा अंक, त्यापुढचे दोन आठवड्याचे. त्यामुळे १९८३ की १९९३ हे बाकीच्या खुणांवरून ठरवावं लागतं. आणि कॉपीराइटच्या खुणेपुढे छापलेलं '१९८०' हे डिझाइनचं वर्ष आहे. त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेल्या चिपेवरही ते तसंच असतं. कॉपीराइटचं वर्ष दाखवून 'पहिल्या वर्षातली चिप' म्हणून दाम मागणारे पुष्कळ भेटतील. त्यांना लॉट क्रमांक वाचून दाखवा.

सिरॅमिकचा दुसरा मोठा सापळा लष्करी मालाचा. एमआयएल-एसटीडी-८८३ किंवा जेएम३८५१० असं काही छापलेलं असेल तर सोनेरी झाकण उष्णता आणि दमटपणा सोसण्यासाठी आहे. चिप उत्तम आहे, जमवण्यासारखी आहे, पण ती शर्यतीच्या दुसऱ्या टोकाची आहे: सगळ्यात जास्त तपासलेली.

कोऱ्या चिपा

काहीच छापलेलं नाही अशी सिरॅमिक चिप हाती आली तर दोन शक्यता असतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक शक्यता वर सांगितलेल्या तिसऱ्या जातीची. मोटोरोलाच्या ६८०५ घराण्याच्या डेटाशीटमध्ये हे स्पष्ट दिलेलं होतं: मास्क रॉमची ऑर्डर दिली की ग्राहकाला त्याचा प्रोग्रॅम असलेले दहा नग पडताळणीसाठी मिळत. घाई असल्यामुळे ते सहसा कोरे, सिरॅमिकमध्ये, आणि फक्त खोलीच्या तापमानाला पाच व्होल्टवर तपासलेले असत. त्यांच्या दर्जाची हमी कंपनी घेत नसे. एका उपकरणासाठी दहा! आज त्यातलं एखादं मिळालं तर ती त्या उपकरणाच्या इतिहासातली फार मोठी वस्तू आहे, आणि नेमकी तीच कोरी म्हणून कचऱ्यात जाते. सिरॅमिक का, तर थोडे नग हाताने जोडून वर झाकण बसवणं सोपं. काही नमुन्यांचं झाकण नुसतं चिकटपट्टीने लावलेलं असतं, आत सुई टेकवून मोजमाप घेता यावं म्हणून. अशी चिकटपट्टी दिसली तर ती उचकटू नका.

दुसरी शक्यता: आत काहीच नाही. सिरॅमिकची खोकी वेगळ्या कंपन्या बनवत, क्योसेरा त्यातली मोठी. रिकामी, झाकण लावलेली खोकी जोडणीची यंत्रं जुळवण्यासाठी वापरली जात आणि तीही आज 'बिनछापाची प्रोटोटाइप' होऊन फिरतात. पडताळा घरी करता येतो. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, लाल टोक ग्राउंडच्या पायावर आणि काळं टोक एकेका पायावर लावत जा. आत सिलिकॉन असेल तर बहुतेक पायांवर साधारण अर्ध्या ते पाऊण व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. सगळीकडे उघडं सर्किट दाखवत असेल तर ते रिकामं खोकं आहे. फक्त ग्राउंड कोपऱ्यातच असतं असं धरू नका. ८०४८ आणि ८०५१ मध्ये ते विसाव्या पायावर आणि वीज चाळीसाव्या पायावर, पण झायलॉगच्या झेड८ मध्ये वीज पहिल्या आणि ग्राउंड अकराव्या पायावर आहे. कोऱ्या चिपेत तर कुठला पाय ग्राउंड हे शोधण्यातूनच घराणं कळतं. ज्या पायापासून बाकी सगळ्यांकडे डायोड दिसतो, तो ग्राउंड. तो पाय कोणत्या घराण्याच्या आकृतीशी जुळतो ते बघत गेलं की अर्धं काम होतं.

खिडकी, पाठीवरचं सॉकेट, जास्तीचे पाय

ह्या दुसऱ्या जातीवर माझं सगळ्यात जास्त प्रेम आहे, कारण इंजिनिअरच्या हाताची ऊब ह्यांच्यात असते.

खिडकीतून आत बघा. ईपीरॉमचा भाग एकसारख्या जाळीचा चौकोन म्हणून ओळखू येतो आणि त्याच्या शेजारी प्रोसेसरचा गुंतागुंतीचा भाग. तीस-चाळीसपट सूक्ष्मदर्शक मिळाला तर सिलिकॉनच्या कडेला कोरलेला क्रमांक, कंपनीचं चिन्ह, वर्ष आणि सुधारणेचं अक्षर वाचता येतं. खोक्यावरची छपाई बदलता येते, सिलिकॉनवरची नाही. बाहेर एक क्रमांक आणि आत दुसरंच घराणं असेल तर वाद तिथेच संपतो. नेहमीच्या एलईडी दिव्याने आतल्या प्रोग्रॅमला धोका नाही. उन्हात मात्र धरू नका. इंटेलच्या डेटाशीटांनुसार थेट उन्हात साधारण आठवडाभरात आणि ट्यूबलाइटच्या सततच्या उजेडात सुमारे तीन वर्षांत चिप पुसली जाऊ शकते. खिडकीवर अपारदर्शक लेबल लावायला सांगत ते ह्याचसाठी. म्हणून त्या लेबलांवर हस्ताक्षरं आली: उपकरणाचं नाव, आवृत्ती, तारीख, कधी नुसतं 'हे चालतं'.

मायक्रोचिप कंपनीच्या पिक (PIC) मायक्रोकंट्रोलरांमध्ये क्रमांकाच्या शेवटी 'जेडब्ल्यू' असेल तर ती खिडकीवाली. टेक्सासच्या टीएमएस३७० घराण्यात 'एसई' ने सुरू होणारी चिप ही प्रोटोटाइप बनवण्यासाठीच काढलेली आहे.

पाठीवर सॉकेट असलेल्या चिपा पहिल्यांदा बघणाऱ्याला मोडक्या वाटतात. खाली चाळीस पाय आणि वर बहुधा चोवीस भोकं, दोन रांगांत. त्या भोकांत नेहमीचा ईपीरॉम बसवायचा, की तोच मायक्रोकंट्रोलरचा रॉम. झायलॉगची झेड८६०३ ह्यातली सर्वांत देखणी, तिच्यावर २ केबीचा २७१६ बसतो. झेड८६१३ वर ४ केबीचा २७३२. मॉस्टेकची ३८पी७० आणि हिताचीची एचडी६३पी०१ ह्याही त्याच पंगतीतल्या. अशा चिपेवर ईपीरॉम बसलेला मिळाला तर जोडी फोडू नका. वेगळे विकून जास्त पैसे मिळतात हे मला माहीत आहे. तरीही फोडू नका.

जास्तीच्या पायांच्या चिपा एम्युलेटरच्या, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या जागी जोडून प्रोग्रॅम तपासायच्या यंत्रांच्या, पेट्यांमध्ये सापडतात. आतल्या वाहिन्या बाहेर काढल्यामुळे त्यांना चाळीसाऐवजी चौसष्ट पाय असतात. झेड८ च्या घराण्यातली झेड८६१२ आणि रॉकवेलच्या आर६५००/१ ची एम्युलेटर आवृत्ती अशीच. जुना इन-सर्किट एम्युलेटर भंगारात दिसला तर पेटी उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नकली माल

प्लॅस्टिक चिपांत नकली पुष्कळ आहेत. जुन्या चिपेचा माथा घासून, काळा लेप देऊन नवी छपाई केलेली असते. कापसाच्या बोळ्यावर थोडं ॲसिटोन घेऊन कडेला फिरवा. बोळा काळा झाला, खाली समांतर ओरखडे दिसले, किंवा पहिल्या पायाजवळची गोल खळगी भरून आलेली दिसली, तर परत द्या. सिरॅमिकवर ॲसिटोन कधीच लावू नका, मूळ शाईही निघून जाते. तिथे भिंगाचंच काम: माथ्यावरची आणि पोटाखालची छपाई एकमेकींशी जुळते का, देशाचं नाव त्या काळाशी जुळतं का, पायांना नव्याने कथील दिलेलं आहे का. पन्नास वर्षांपूर्वीच्या चिपेचे पाय आरशासारखे चमकत असतील तर प्रश्न विचारा.

आपल्याकडची एक खास गफलत सांगते. 'एससीएल' ही अक्षरं दिसली की बरेच जण तिला मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सची समजतात. त्या कारखान्यात १९८९ साली मोठी आग लागली, त्यामुळे तिथल्या जुन्या चिपांना भाव येणं स्वाभाविक आहे. पण एससीएल४००१ सारख्या चार हजारच्या मालिकेतल्या सीमॉस चिपांवरची ही अक्षरं सॉलिड स्टेट सायंटिफिक ह्या अमेरिकन कंपनीची आहेत. मोहालीच्या चिपेसाठी चिन्ह, छपाई आणि ती कोणत्या बोर्डवरून आली हे तिन्ही बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

शोधायचं कुठे

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. पण तिथे समोरच्या काउंटरवर काही मिळणार नाही. ज्या दुकानदाराचं दुकान वडिलांपासून चालत आलं आहे त्याच्याकडे जा आणि माळ्यावरचा न विकलेला माल विचारा. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, तिथे सकाळी लवकर जावं. सीएनसीचे जुने कार्ड, तोडलेली मीटरं, कधी अख्खे प्रोग्रॅमर (चिपेत प्रोग्रॅम भरायची आणि वाचायची यंत्रं) तिथे येतात. तिथल्या एका काकांशी माझा संवाद नेहमी साधारण असाच होतो:

"काका, चिपा उपसू नका, बोर्ड अख्खा द्या."

"ताई, सोन्याच्या पट्ट्या आहेत त्याला, हा किलोवर जातो."

"किलोचाच भाव लावा, वर माझे थोडे धरा. फक्त पक्कड लावू नका."

सोनं काढणाऱ्यांकडे जाणारा माल आपल्याकडे वळवायचा असेल तर त्यांच्या भावापेक्षा थोडं जास्त द्यावं लागतं आणि चिप कशी हवी ते आधी सांगून ठेवावं लागतं. एकदा सांगितलं की ते बाजूला काढून ठेवतात.

पॉलिटेक्निकांमध्ये डेड स्टॉकचं निर्लेखन होतं तेव्हा ८०८५ आणि ८०५१ च्या ट्रेनर किटांबरोबर ईपीरॉम इरेजर, प्रोग्रॅमर आणि ड्रॉवरभर ८७५१ बाहेर पडतात. तिथल्या प्रयोगशाळा सहायकांशी ओळख ठेवा आणि लिलावाची रीतसर पावती घ्या. पण सर्वांत चांगला माल मिळतो तो निवृत्त इंजिनिअरांच्या घरी. तिथे चिपेबरोबर गोष्टही मिळते. घाई न करता बसावं, चहा घ्यावा, प्रत्येक चिप कुठल्या उपकरणाची ते विचारून लिहून घ्यावं. कंपनीची मालमत्ता असण्याची शक्यता वाटली तर तेही स्पष्ट विचारावं. कंपनीने दिल्याची दोन ओळींची चिठ्ठी पुढे फार उपयोगी पडते.

हातात आल्यावर पहिल्या तासात

आधी फोटो. वरून, खालून, खिडकीचा, बोर्डवर असेल तर बोर्डसकट, बोर्डवरचा क्रमांक वाचता येईल असा. नंतर काहीही पुसायचं, उचकटायचं, सरळ करायचं.

चिप सॉकेटमध्ये असेल तर दोन्ही टोकांकडून थोडं थोडं उचलत काढा. सोल्डर केलेली असेल तर काढूच नका. बोर्डसकट ठेवा. बोर्ड हा तिचा जन्मदाखला आहे, आणि चाळीस पाय एकेक करून सोडवताना सिरॅमिकचा काच-जोड तडकतो.

पाय काळे पडलेले असतील तर ते बहुधा चांदीच्या मुलाम्यावरचं सल्फाइड आहे. घासू नका. मुलामा पातळ असतो, घासला की निघून जातो आणि चिपेला काही फायदा होत नाही.

प्रोग्रॅम वाचणं

खिडकीवाली चिप घेतली आणि ती वाचली नाही तर अर्धीच चिप घेतली असं मी समजते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी साठवलेला विद्युतभार हळूहळू गळत असतो, आणि तो प्रोग्रॅम जगात दुसरीकडे कुठेही नसण्याचीच शक्यता जास्त.

८७५१ वाचणं त्यातल्या त्यात सोपं, पाच व्होल्टवर काम होतं. ८७४८ मात्र नुसतं वाचायलाही ईए ह्या पायावर पाच व्होल्टपेक्षा बराच जास्त दाब मागते, आणि साधी ८७४८ व ८७४८एच ह्यांचे आकडे वेगळे आहेत. साधीला प्रोग्रॅमिंगसाठी २५ व्होल्ट, एचला २१. शेवटी एच आहे की नाही हे भिंगाने पक्कं केल्याशिवाय प्रोग्रॅमरमध्ये बसवू नका. नवा यूएसबी प्रोग्रॅमर घेणार असाल तर त्याच्या यादीत ८७४८ आहे का ते आधी बघा. बहुतेकांत नसते. जुना युनिव्हर्सल प्रोग्रॅमर आणि त्याला जोडायचा तेवढाच जुना पीसी सांभाळून ठेवणारे लोक आहेत. त्यांना शोधा.

वाचायच्या आधी झिफ सॉकेटमध्ये (प्रोग्रॅमरवरच्या खटक्याच्या सॉकेटमध्ये) चिप योग्य बाजूने बसली आहे ना, ते दोनदा बघा. मग निदान तीनदा वाचा आणि तिन्ही फाइलींची बेरीज (चेकसम) जुळते का बघा. जुळत नसेल तर काही बिट काठावर आहेत. पाय स्वच्छ सॉकेटमध्ये नीट टेकवून पुन्हा वाचा आणि सगळ्या फाइली ठेवा, नंतर ताडून बघता येतात. सगळीकडे एकच आकडा आला तर चिप कोरी असू शकते, पण इथे घराणं लक्षात घ्या: पुसलेली ८७५१ सगळीकडे एफएफ (सगळे बिट एक) दाखवते, तर पुसलेली ८७४८ सगळीकडे शून्य. ८७४८ ने एफएफ दाखवलं तर ती कोरी नाही, वाचनातच काहीतरी चुकतं आहे. ८७५१एच मध्ये कुलूप-बिट लावलेला असेल तर प्रोग्रॅम बाहेर येणार नाही. तो तसाच राहू द्या, खिडकी अर्धी झाकून फक्त कुलूप पुसायचे प्रयोग एकमेव प्रतीवर करू नका.

आणि इरेजर. संग्रहातली चिप 'चालते का बघू' म्हणून कधीही इरेजरमध्ये टाकायची नाही. चालते का बघायला बाजारात कोऱ्या चिपा मिळतात.

ठेवायचं कसं

काळा जुना फोम पहिल्यांदा फेकून द्या. वीज वाहून नेणारा तो फोम काळाने चिकट होतो, भुगा होतो आणि पाय खातो. त्यात रुतलेल्या चिपा मला हव्या तेव्हा मिळतात, कारण दुसरं कुणी घेत नाही. नवा अँटिस्टॅटिक फोम किंवा प्लॅस्टिकच्या नळ्या वापरा. रबरबँड अजिबात नको, त्यातलं गंधक चांदी काळी करतं. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि मृग लागायच्या आधी ते जेल तव्यावर मंद आचेवर वाळवून घ्यायचं. कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात मधेच एकदा पुन्हा. डबा अंधाऱ्या कपाटात.

जुन्या स्टिकरचा गोंद सुकून ते सुटायला आलं असेल तर नवं स्टिकर त्याच्या जागी लावू नका. सुटलेलं स्टिकर छोट्या पाकिटात चिपेबरोबर ठेवा आणि खिडकीवर मापाने कापलेला जाड काळा कागद टाका.

प्रत्येक चिपेबरोबर एक कार्ड हवं. त्यावर मी लिहिते: छपाईच्या सगळ्या ओळी जशाच्या तशा, पोटाखालचं लिखाण, सिलिकॉनवर काय वाचता आलं, कुठून आणि कुणाकडून मिळाली, कोणत्या उपकरणातली, वाचलेल्या फाइलीचं नाव आणि बेरीज. विकणाऱ्याचं म्हणणं आणि मी स्वतः तपासलेलं, हे वेगवेगळ्या रकान्यांत. 'प्रोटोटाइप' हा शब्द कार्डावर लिहायचा तर वरच्या तीन जातींपैकी कोणती, हेही लिहायचं. नक्की कळत नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा.

सुरुवात करणाऱ्याने पहिली खरेदी डी८७४८एच किंवा डी८७५१एचची करावी. ह्या अजून परवडतात, आणि खिडकीतून बघण्याची, वाचण्याची, कार्ड लिहिण्याची सवय त्यांच्यावरच होते. दुसरी एखादी पाठीवर सॉकेटवाली घ्या. मोटोरोलाच्या पीसी, टेक्सासच्या टीएमएक्स आणि कोऱ्या सिरॅमिकच्या वाटेला त्यानंतर जा. तोवर ओळखीतल्या निवृत्त इंजिनिअरांना फोन करायला मात्र थांबू नका. त्यांच्या घरची आवराआवर आपल्या तयारीसाठी थांबत नाही.